सँडब्लास्टिंग कॅबिनेटला दम लागतोय? आधी हवा मोजा

मागच्या अंकात गंज काढायच्या पद्धतींवर लिहिलं होतं, त्यात ब्लास्टिंग कॅबिनेटचा, म्हणजे ज्या बंद पेटीत मोज्यांतून हात घालून, हवेच्या जोराने कण मारून गंज-रंग काढतात तिचा, उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता आणि प्रश्न मात्र जवळपास सगळे त्यावरच आले. म्हणून यावेळी बाकीचं सगळं बाजूला ठेवलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : सर, जुन्या मोटारसायकली घरी नव्या करायचा नाद आहे. टेबलावर ठेवायचं तयार कॅबिनेट घेतलंय, कॉम्प्रेसर ३ एचपीचा, टाकी १५० लिटरची. पहिला अर्धा मिनिट झकास चालतं, मग जोर जातो आणि नुसती फुसफुस. एका ब्रॅकेटला अख्खी दुपार जाते. नवी गन घेऊ, मोठी टाकी जोडू की सरळ प्रेशर पॉट (कण दाबाखाली भरून ढकलणारं भांडं) घेऊ? खर्च एकाच गोष्टीवर करता येईल.

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पहिला अर्धा मिनिट झकास चालतंय म्हणजे गन ठीक आहे, मीडिया, म्हणजे फवारायचे कण, ठीक आहे, कॅबिनेटचंही काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते हवेचं गणित. कॉम्प्रेसर म्हणजे पगार आणि टाकी म्हणजे शिल्लक, तुम्ही अर्धा मिनिट शिल्लक खाताय आणि मग पगारावर येताय. मोठी टाकी जोडलीत तर अर्ध्याचा एक मिनिट होईल, पण पुन्हा भरायलाही तेवढाच जास्त वेळ लागेल. तेव्हा टाकीचा विचार सोडा.

आता पगार किती आहे ते मोजू. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर जो सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा असतो तो बरेचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टन वरखाली होताना जेवढी जागा झाडतो तेवढा, प्रत्यक्षात बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी. साधा नियम असा की पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरकडून कामाच्या प्रेशरला एका एचपीला ३ ते ४ सीएफएम धरायचे, त्यावर कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. पण अंदाज कशाला, टाकीच्या गेजवर सरळ मोजता येतं. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, कॉम्प्रेसर चालू करा आणि काटा ४ बारवरून ७ बारवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. समजा ९० सेकंद लागले. १५० लिटरची टाकी, प्रेशर वाढलं ३ बार, म्हणजे ४५० लिटर मोकळी हवा आत गेली, दीड मिनिटात. मिनिटाला झाली ३०० लिटर. एक सीएफएम म्हणजे साधारण २८.३ लिटर, तर ३०० भागिले २८.३, साडेदहा सीएफएम. हा तुमचा खरा पगार.

आता खर्च बघा. सायफन गनच्या, म्हणजे हवेच्या झोताने मीडिया खालून ओढून घेणाऱ्या गनच्या, पोटात एक बारीक एअर जेट असतं आणि पुढे मोठ्या भोकाचं नोझल. हवा किती जाणार हे ठरवतं ते जेट, नोझल नाही, आणि लोक नेमकं इथेच गंडतात, नोझल बदलत बसतात. ८० पीएसआयला (हेही दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) अर्धा सूत जेट, म्हणजे १.६ मिमी, साधारण ५ सीएफएम पितं. पाऊण सूत, २.४ मिमी, जवळपास १२. आणि एक सूत, ३.२ मिमी, २० च्या वर. भोकाचा व्यास दुप्पट झाला की हवा चौपट लागते, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. तयार कॅबिनेटच्या गनमध्ये बरेचदा एक सुताचं किंवा त्याच्या आसपासचं जेट बसवलेलं असतं, म्हणजे साडेदहाचा पगार आणि विसाचा खर्च. अर्धा मिनिटच चालणार ना मग.

तेव्हा गन खोला, जेट बाहेर काढा आणि ड्रिल बिटाच्या मागच्या गुळगुळीत दांड्याने भोक मापा, कोणता दांडा जेमतेम जातो ते बघायचं. एक सुताचं निघालं तर पाऊण सुताचं जेट घ्या आणि त्याबरोबर नोझलही बदला. नोझलचं भोक जेटच्या साधारण दुप्पट लागतं, म्हणजे २.४ च्या जेटला ४.८ चं नोझल, ३.२ ला ६.४ चं. नुसतं जेट लहान करून नोझल तेच मोठं ठेवलं तर ओढच तयार होत नाही, मीडिया खालून वर यायलाच तयार नसतो. जेट आणि नोझल जोडीनेच बदलायचं. मग प्रेशर ८० ऐवजी ७० वर ठेवलंत तर पाऊण सुताचं जेट साडेदहा सीएफएमच्या आसपास घेईल आणि तुमचा कॉम्प्रेसर त्याला पुरून उरेल. उरेल म्हणजे अगदी घासून हं, मोटर सतत चालेल, आणि घरगुती पिस्टन कॉम्प्रेसर सतत चालायला बनवलेले नसतात, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं काम, मग तेवढाच आराम, असं चालवा. हेड हात लावू नये इतकं तापतंच, पण जळका वास यायला लागला की थांबायचं.

फवारा लहान झाला म्हणून काम हळू होईल असं वाटेल. तसं होत नाही. मोठा मरतुकडा फवारा आणि लहान जोरकस फवारा यात गंज दुसऱ्यानेच लवकर निघतो, कारण कणाच्या वेगावर सगळं आहे.

दुसरी गोष्ट पाईपची. इथे लोकांना गेज फसवतं. रेग्युलेटरवर ८० दिसतंय म्हणजे गनला ८० मिळतंय असं नाही. एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक छोटं गेज घेऊन ते गनच्या अगदी मागे, कॅबिनेटच्या भिंतीपाशी बसवा. ट्रिगर न दाबता बघितलंत तर दोन्ही गेज सारखं दाखवतील आणि तुम्ही खूश व्हाल. आता ट्रिगर दाबून धरा. रेग्युलेटरवाला काटा थोडा हलेल आणि गनमागचा सरसर खाली येईल, ८० चे ५५ झाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. मधे जे २५ गेले ते दोन सुती बारीक पाईपात, स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या होजमध्ये आणि त्या चिमुकल्या क्विक कपलरमध्ये गेले. पाईप आतून चार सुती घ्या, लांबी गरजेपुरती ठेवा, कपलर मोठ्या भोकाचे वापरा नाहीतर कायमचं जोडकाम करून टाका, कॅबिनेट काही रोज उचलून न्यायचं नसतं. या एका बदलाने काही जणांचं काम भागतं, नवं काहीच घ्यावं लागत नाही.

फरक पडला की नाही हे मनाने ठरवू नका, कारण नवीन वस्तू बसवली की सगळ्यांनाच फरक पडल्यासारखं वाटतं. एक लोखंडी पट्टी घ्या, एकसारखा रंग मारा, वाळू द्या. तळहाताएवढा चौकोन साफ करायला किती वेळ लागतो ते आत्ता मोजून लिहून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच पट्टीवर, त्याच अंतरावरून परत मोजा.

प्रेशर पॉट त्याच हवेत सायफनच्या तीन-चार पट काम देतो हे खरंय, कारण त्यात मीडिया हवेबरोबर ढकलला जातो, ओढून आणावा लागत नाही. पण तिथे हवा नोझलच्या भोकाने ठरते, तेव्हा तुमच्या कॉम्प्रेसरवर २.४ मिमीच्या नोझलच्या वर जाता येणार नाही आणि फवारा पेन्सिलीच्या रेघेएवढा बारीक मिळेल. आधी वरची दोन कामं करा. माझा अंदाज आहे पॉटचा विषय तुम्हीच सोडून द्याल.

प्रश्न : काका, माझी गन खोकते! एकदम भस्सकन मीडिया येतो, मग काहीच नाही, मग परत भस्सकन. कॉम्प्रेसर ५ एचपी आहे त्यामुळे हवा कमी नाही. मीडिया अॅल्युमिनियम ऑक्साईड.

हवा कमी नाही हे मान्य, पण मीडियाला हवा मिळत नाहीये मित्रा. कॅबिनेटच्या तळात हॉपरमध्ये जी पिकअप ट्यूब खुपसलेली असते तिचं तोंड पूर्ण मीडियात गाडलं गेलं की ती नुसते कण ओढायला बघते, आणि नुसते कण पाईपातून वर चढत नाहीत, त्यांना सोबत हवा लागते. मग पाईप तुंबतो, ओढ वाढते, गोळा एकदम सुटतो आणि भस्सकन बाहेर येतो. चांगल्या कॅबिनेटमध्ये ट्यूबच्या बाहेरून दुसरी ट्यूब असते जिच्यातून वरची हवा खाली तोंडापर्यंत पोचते. स्वस्तातल्यात नुसता पाईपाचा तुकडा असतो.

उपाय फुकटाचा आहे. पिकअप ट्यूब जिथे मीडियाच्या पातळीच्या वर येते तिथे, म्हणजे कधीच गाडली जाणार नाही अशा ठिकाणी, ३ मिमीचं एक भोक पाडा. त्यावर रबराची किंवा चिकटपट्टीची एक पट्टी गुंडाळा अशी की ती सरकवून भोक कमीजास्त उघडता येईल. आता दार बंद करून गन चालवा आणि आवाज ऐका. भोक पूर्ण बंद असताना तोच खोकला येईल. पट्टी जराशी सरकवून भोक केसभर उघडा, पुन्हा चालवा. असं करत एका जागी खोकला थांबून एकसलग खरखर सुरू होते. त्याच्याही पुढे उघडत गेलात तर खरखर जाऊन हवेची नुसती शिट्टी उरते, म्हणजे हवा जास्त आणि मीडिया कमी. खरखर आणि शिट्टी यांच्या जरा अलीकडे पट्टी पक्की करायची. फवाऱ्यात मीडिया जेमतेम दिसला पाहिजे, धुरकट, दाट पांढरा झोत दिसत असेल तर तो जास्तच आहे. दाट झोतात कण एकमेकांवरच आपटून जोर घालवतात.

एवढं करूनही खोकत असेल तर मीडिया ओलसर आहे. मूठभर घेऊन दाबा, गोळा धरला तर नक्कीच. आणि त्याचं मूळ कॉम्प्रेसरच्या पाण्यात असतं. हवा ७ बारला दाबली की तिची जागा आठवा भाग राहते, तेवढ्याशा जागेत सगळी वाफ मावत नाही, पण कॉम्प्रेसरमधून निघताना हवा गरम असते म्हणून पाणी लगेच दिसत नाही. पाणी सुटतं ते पुढे पाईपात थंड होताना. म्हणूनच कॉम्प्रेसरच्या तोंडालाच वॉटर फिल्टर लावणाऱ्यांना काही उपयोग होत नाही, फिल्टर पाणी अडवतो, वाफ नाही. टाकीपासून सात-आठ मीटर धातूचा पाईप भिंतीवरून वळवून न्या, उतार टाकीकडे द्या, गनसाठी फांदी काढताना पाईपाच्या वरच्या अंगातून काढा आणि खाली एक उभी नळी सोडून तिच्या बुडाला कॉक बसवा. फिल्टर या सगळ्याच्या शेवटी. दमट हवेत त्याच्याही पुढे सिलिका जेलचा ड्रायर लागतो. टाकीचा खालचा कॉक काम संपल्यावर रोज उघडायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच करत नाही.

आणि हो, हवेसाठी पीव्हीसी पाईप वापरू नका. पाण्याला चालतो, पण दाबलेल्या हवेत तो फुटला की त्याच्या धारदार कपच्या उडतात.

प्रश्न : दोन मिनिटांत आत धुकं होतं आणि काहीच दिसत नाही. काच पण आंधळी झालीये. मोठे एलईडी लावले तरी फरक नाही. हातमोजे आपोआप फुगतात हे नॉर्मल आहे का?

हातमोजे फुगणं नॉर्मल नाही, तोच तुमचा निदानाचा धागा आहे. गन मिनिटाला शेकडो लिटर हवा कॅबिनेटमध्ये ओततेय, ती बाहेर काढणारं काही नाही किंवा आहे ते कमी पडतंय, म्हणून आत दाब वाढतो, मोजे फुगतात आणि धूळ मिळेल त्या फटीतून तुमच्या खोलीत येते. मोजे किंचित आत ओढलेले दिसले पाहिजेत. धुक्यात दिवे वाढवणं म्हणजे तेच धुकं जास्त उजेडात बघणं.

व्हॅक्युम क्लीनर जोडलेला असेल तर आधी त्याचा फिल्टर बघा. ब्लास्टिंगची धूळ इतकी बारीक असते की साधा कागदी फिल्टर थोड्याच वेळात लिंपला जातो आणि ओढ संपते. मधे एक सायक्लोन बसवा, बादलीवर बसणारा प्लास्टिकचा शंकू मिळतो तोच, बहुतेक धूळ बादलीत पडते आणि फिल्टर कितीतरी जास्त टिकतो. व्हॅक्युममधून निघणारी हवा पुन्हा खोलीतच येणार असेल तर फिल्टर हेपा दर्जाचाच हवा, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. जमत असेल तर एक्झॉस्टचा पाईप सरळ खोलीबाहेर काढा, माणसांच्या वाटेवर नाही.

आता जी गोष्ट जवळजवळ प्रत्येकजण विसरतो ती. हवा बाहेर ओढायची तर आत यायलाही वाट लागते. कॅबिनेटच्या एका बाजूला वर एक मोठं भोक, आणि त्याच्या समोरच्या बाजूला व्हॅक्युमचा पाईप, म्हणजे हवा काचेच्या आतून आडवी वाहत जाते आणि धुकं सोबत नेते. आत येणाऱ्या भोकाच्या पुढे आतून एक वाकवलेला पत्रा लावा, नाहीतर उडालेला मीडिया तिथून बाहेर येईल. व्हॅक्युमच्या तोंडापुढेही तसाच पत्रा, कारण थेट उघडं ठेवलं तर चांगला मीडिया पण ओढला जातो. तो जातोय की नाही हे सायक्लोनची बादली सांगते. मास्क लावून, मोजे घालून चिमूटभर धूळ बोटात चोळा, खर लागली तर कामाचा मीडिया वाया चाललाय, ओढ कमी करा किंवा व्हॅक्युमच्या पाईपाला एक झडप लावा. कणच जाणवले नाहीत तर सगळं बरोबर चाललंय.

फटी भरायचं काम कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही. कॅबिनेट सुटं आलं असेल आणि जोडताना सांध्यांत सिलिकॉन भरलं नसेल तर रात्री खोलीत अंधार करा, आत दिवा लावा आणि बाहेरून फिरून बघा, जिथून उजेड येतो तिथून धूळ येते. दाराला फोमची पट्टी, स्क्रूंना वॉशर.

काचेचं म्हणाल तर खरी काच कधीच उघडी ठेवायची नाही. तिच्या आतून पारदर्शक फिल्म चिकटवा, आंधळी झाली की सोलून नवी लावा. अॅक्रिलिकची शीट लावू नका, ती लवकर खरवडते. दिव्यांच्या बाबतीत संख्येपेक्षा जागा महत्त्वाची, दोन्ही बाजूंनी आणि तुमच्या डोक्याच्या अंगाने वरून, डोळ्यांवर येणार नाहीत असे. एकाच बाजूने दिवा असला की आपल्याच हाताची सावली नेमकी कामावर पडते. वायरिंग आत नेणार असाल तर १२ व्होल्टचं.

प्रश्न : मी काचेवर नक्षी करते, त्यासाठी छोटं कॅबिनेट वापरते. ब्लास्ट करताना हाताला शॉक बसतात, कधीकधी इतके की हात झटकला जातो. वायरिंग तर तपासून घेतलं.

ताई, हा वायरिंगचा शॉक नाही, स्थिर विजेचा आहे. कोरडे कण रबरी पाईपातून आणि नोझलमधून घासत जातात तेव्हा विद्युतभार साठतो, काचेवर काम करताना तर जास्तच, कारण तो काचेतून कुठे वाहून जात नाही. हवा जितकी कोरडी तितका त्रास जास्त. कॅबिनेटच्या धातूला रंग खरवडून एक जाड तार जोडा आणि ती व्यवस्थित अर्थिंगला न्या. दुसरी लवचीक तार गनच्या धातूच्या भागाला बांधून कॅबिनेटच्या भिंतीला जोडा. गन प्लास्टिकची असेल तर नोझलच्या नटाला. काच ज्या जाळीवर ठेवता ती धातूची असू दे आणि तीही जोडलेली. मीडियाचा पाईप बदलायची वेळ आली की ब्लास्टिंगसाठीचा, कार्बन घातलेला काळा रबरी पाईप घ्या, तो भार वाहून नेतो, पारदर्शक प्लास्टिकचा अजिबात नको.

तुमच्या कामाला प्रेशरही फार लागत नाही. १५० ते २२० ग्रिटचा (आकडा मोठा तितका कण बारीक) अॅल्युमिनियम ऑक्साईड, ३०-४० पीएसआय, आणि हात सतत फिरता. खोल कोरायचं असेल तर सिलिकॉन कार्बाईड, तो जास्त धारदार आणि काचेवर चटकन चालतो. स्टेन्सिल उचकटतंय असं वाटलं तर प्रेशर उतरवा, स्टेन्सिलला दोष देण्याआधी.

प्रश्न : नदीची वाळू चाळून, वाळवून वापरली तर? फुकट मिळते.

नाही. फुटलेल्या वाळूच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. १८७० मध्ये बेंजामिन टिल्घमनने या पद्धतीचं पेटंट घेतलं तेव्हापासून कितीतरी वर्षं वाळूच वापरली जायची आणि कामगार तरुणपणी मरायचे. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी त्यावर बंदी आणली. १९९७ मध्ये ही धूळ कॅन्सरकारक म्हणूनही नोंदली गेली. तुमच्या कॅबिनेटची एक फट आणि एक सैल मोजा एवढं पुरतं. गार्नेट घ्या, अॅल्युमिनियम ऑक्साईड घ्या, तो आत परत परत वापरता येतो, त्यामुळे महाग वाटला तरी पडत नाही. त्याच्याबरोबरही मास्क पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणारा दर्जा) किंवा त्या तोडीचा लावायचाच, विशेषतः दार उघडताना. बंद केल्यावर व्हॅक्युम मिनिटभर चालू ठेवा आणि मगच उघडा.

जुन्या रंगाबद्दलही तेच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो आधी रसायनाने काढा.

प्रश्न : गॅसच्या जुन्या सिलिंडरपासून प्रेशर पॉट बनवायचा विचार आहे, वेल्डिंग मला चांगलं येतं.

वेल्डिंग चांगलं येत असेलही. सिलिंडरला भोक पाडून, वेल्ड मारून, आत घासणारा मीडिया भरून, वारंवार दाब चढवून उतरवला की पत्रा कुठे पातळ झालाय ते बाहेरून कळत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. करू नका. तपासून शिक्का मारलेला, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलाच पॉट घ्या.

प्रश्न : मडगार्ड कॅबिनेटमध्ये साफ केला, रंग तर निघाला पण पत्रा पोटाला आल्यासारखा वाकला. उष्णतेने झालं का? आणि कार्बोरेटरला हाच मीडिया चालेल का?

उष्णतेने क्वचित. कणांच्या माराने पत्र्याचा वरचा थर दाबला जातो, पसरतो, खालचा थर तसाच राहतो, मग पत्रा मार बसलेल्या बाजूला फुगतो. शॉट पीनिंगचा (गोळ्यांच्या माराने धातूचा वरचा थर मुद्दाम दाबून घट्ट करण्याचा) मार किती बसतो हे मोजायला नेमका हाच वाक वापरतात, पातळ पट्टीला एका बाजूने मार देऊन ती किती वाकली ते बघायचं. पातळ पत्र्याला प्रेशर ३०-४० वर आणा, मीडिया बारीक घ्या, नोझल सरळ न धरता तिरकं धरा आणि एका जागी थांबू नका. दोन्ही बाजूंना सारखं फिरवलंत तर वाक बराचसा निघतो, पूर्ण निघेल असं सांगत नाही. जाड कामाला नोझल दहा-पंधरा सेंटीमीटरवर, ६०-७० अंशात. अगदी काटकोनात धरलं की उसळलेले कण येणाऱ्या कणांवरच आपटतात.

कार्बोरेटरला अॅल्युमिनियम ऑक्साईड नको, तो धातू खातो आणि पृष्ठभाग खरबरीत करतो. तिथे काचेचे बारीक मणी, ग्लास बीड, कमी प्रेशरवर, त्याने मऊ चकाकी येते आणि माप बदलत नाही. पण जेटची भोकं, नळ्या, बेअरिंगच्या जागा आधी बुचं मारून बंद करा, आणि नंतर गरम साबणाच्या पाण्याने, मग हवेने, मग परत पाण्याने धुवा. इंजिनच्या आत तेलाच्या वाटा असलेल्या भागांना तर मी ब्लास्ट करायचंच टाळतो, एखादा मणी वाटेत अडकून राहिला तर तो नेमका बेअरिंगमध्ये जाऊन बसतो.

दोन मीडिया एकाच कॅबिनेटमध्ये वापरणार असाल तर बदलताना हॉपर पूर्ण रिकामा करा. लोखंडावर वापरलेला मीडिया अॅल्युमिनियमवर मारला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि काही दिवसांनी पांढऱ्या भागावर तांबूस ठिपके उमटतात. शिवाय अॅल्युमिनियमची बारीक धूळ आणि गंजाची धूळ एकाच बादलीत साठू देऊ नका, ठिणगी पडली तर फार तापट जळते, बादली वेळच्या वेळी रिकामी करा. मॅग्नेशियमचे भाग घरच्या कॅबिनेटमध्ये घालूच नका. तेलकट भाग आधी धुवा, एक तुपट गिअर सगळा मीडिया चिकट करतो.

प्रश्न : सिरॅमिक नोझल महिन्यात झिजतं. कार्बाईडचं इतकं महाग का असतं, आणि घ्यावं का?

महिन्यात म्हणजे तुम्ही काम कमी करताय, अॅल्युमिनियम ऑक्साईडवर सिरॅमिक काही तासांतच मोठं व्हायला लागतं. टंगस्टन कार्बाईड त्याच्या कितीतरी पट टिकतं, बोरॉन कार्बाईड त्याहून जास्त. आठवड्यातून तास-दोन तास काम असेल तर सिरॅमिकचा डबाच आणून ठेवा आणि बदलत राहा, हरकत नाही. रोज वापर असेल तर बोरॉन कार्बाईड घ्या, पण हे दोन्ही ठिसूळ असतात, फरशीवर पडलं की तडा जातो, तेव्हा बदलताना खाली कापड पसरा. नोझल मूळ मापापेक्षा दीड मिमी मोठं झालं की फेकायचं, लहान नोझल असेल तर त्याच्याही आधी. नवीन आणतानाच त्यात जेमतेम जाणारा ड्रिल बिट एक दोऱ्याने कॅबिनेटला बांधून ठेवा, तो खुळखुळायला लागला की वेळ झाली. नोझलबरोबर जेटकडेही बघा, तेही झिजतं, फक्त हळू, आणि त्याचं तोंड वाकडं झिजलं असेल तर फवारा एका बाजूला जातो आणि गनची आतली भिंत खायला लागतो. तसं दिसलं तर जेट फिरवून बघू नका, बदलाच.